शेऱ्याचा रकाना

द्वारका, नवी दिल्ली
शनिवार, २१ ऑगस्ट १९९९

प्रिय विलास,

माझ्या चेतनाच्या हातून बंद पाकीट आलेलं बघून तू आधी तुझ्या हेमलताकडे बघशील आणि मग हसशील. द्वारकेहून गुडगाव ते किती लांब, तुझ्या खिशात मोबाइल, माझ्याकडेही गेल्या महिन्यापासून फोन. मग या बाईने एवढी पानं खरडली कशाला? कारण असं, की समोर बसलास की तू मला बोलू देत नाहीस. मागच्या रविवारी मी तुझ्याकडे दीड तास होते, त्यातला सव्वा तास तू बोललास. 'अरे यार प्रभा, छोड ना' हे वाक्य मी सात वेळा ऐकलं. तीस वर्षं सरकारी नोकरी केली, मुदतीआधी निवृत्त झाले, तरी मोजायची सवय जात नाही. कागदाला मात्र तुला मधेच तोडता येत नाही. फार तर फाडता येईल, पण कागद फाडणारा माणूस तू नाहीस, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. तेव्हा दार लावून घे आणि शेवटपर्यंत वाच. येत्या शुक्रवारी, सत्तावीस तारखेला, नेगी मास्तरांच्या चौकशीची शेवटची सुनावणी आहे. त्यांची नोकरी राहते की जाते, आणि ते खोटारडे ठरतात की नाही, ते त्या दिवशी ठरेल. त्याविषयीच लिहिते आहे.

आधी इकडची हालहवाल, नाहीतर तू म्हणशील बाई थेट अंगावर येते. सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून तीन महिने झाले, तरी सकाळी डोळे उघडले की मला तिथलीच खिडकी शोधावीशी वाटते. इथे आमच्या सोसायटीत एकशे वीस फ्लॅट आहेत आणि संध्याकाळी दिवे लागतात जेमतेम चाळीसांत. पाणी टँकरने येतं. विमानं इतकी खालून जातात की चेतना फोनवर बोलताना आपोआप थांबते आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करते. हे असते तर त्यांनी एव्हाना गच्चीत विमानांचं वेळापत्रक लावलं असतं. परवा सोसायटीचे सेक्रेटरी आले, म्हणाले, लिफ्ट चालू झाल्याच्या कागदावर सही करा, लिफ्ट अगले महिने आ जाएगी. मी म्हटलं, लिफ्ट येऊ दे, मी तिच्यातून चौथ्या मजल्यावर येते आणि मग सही करते. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळ्यांनी केली म्हणाले. केली असेल. माझी मिळणार नाही. पूर्वी मी अशी नव्हते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

या दिवसांत तुझी आठवण येतेच. लढाई संपून महिना होत आला, तरी चौकाचौकांत जवानांची चित्रं आहेत, आणि आमच्या टँकरच्या रांगेतसुद्धा बायका निधीचा डबा फिरवतात. मीही टाकते. मला बासष्ट साल आठवतं. पहाडगंजच्या आपल्या शाळेत बाईंनी आम्हा मुलींना लोकर वाटली होती, सैनिकांसाठी मोजे विणायला. माझ्या जोडीतला एक मोजा दुसऱ्याहून चांगला दोन बोटं मोठा झाला होता. मी रडकुंडीला आले. तू मोजे बांधायच्या कामावर होतास. तू ती जोडी उचललीस, गंभीर चेहऱ्याने पाहिलीस आणि म्हणालास, एवढ्या मोठ्या फौजेत एक तरी जवान असा असणारच, त्याचीच सोय झाली. आणि बांधून टाकलीस. मी तेव्हापासून तुझ्यावर जीव टाकला असेन, पण ते सगळं आता सांगून काय उपयोग. तू देहरादूनला फौजी अकादमीत गेलास, मी टायपिंगच्या क्लासला, आणि दोघांनाही माणसं चांगली मिळाली. तेहतीस वर्षांनी तू आमच्या मंत्रालयाच्या कमिटी रूममध्ये लेफ्टनंट कर्नलच्या गणवेशात समोर येऊन उभा राहिलास, तेव्हा मला पहिल्यांदा ते मोजेच आठवले.

त्या कमिटी रूमचा फोटो तू तुझ्या कंपनीच्या चकचकीत पुस्तिकेत छापला आहेस. जूनमध्ये मला व्याख्यानाला बोलावलंस तेव्हा पाहिला. काचेची इमारत, आत गारठा, बाहेर अजून रस्त्याला डांबर नाही. समोर तीस पोरंपोरी बसलेली, निम्मी जिल्ह्यांतले नवे अधिकारी, निम्मे कॅप्टन आणि मेजर. तू पडद्यावर आमचा तक्ता दाखवलास: एक्केचाळीस गावं, मुलकी नोंद आणि लष्करी नोंद शेजारी शेजारी, आणि खाली इंग्रजीत 'ताळमेळ शंभर टक्के'. पुराच्या वेळी फौज आणि सरकारी खाती यांनी एकमेकांशी कसं वागावं याचा आदर्श नमुना, असं तू म्हणालास. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतली ती मुलगी उठली, बारीकशी, चष्मेवाली, आणि तिने मला विचारलं की मॅडम, दोन्ही रजिस्टरं जुळली ते दिसतंय, पण गावातल्या लोकांना कुणी विचारलं होतं का, पोहोचलं का म्हणून? मी काय उत्तर दिलं ते तुला आठवतं. मी म्हणाले, बिल्कुल, त्याशिवाय नोंद कशी होईल? ती मुलगी समाधानाने खाली बसली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. मी खुर्ची ओढून बसले. तू समजलास की एसीची थंडी बाधली.

त्या खोलीत काय घडलं ते आपल्या दोघांना माहीत आहे, पण प्रत्येकाला आपापलं अर्धंच. म्हणून पहिल्यापासून लिहिते. पंचाण्णवच्या ऑगस्टमध्ये ते खोरं तुटलं, पूल गेला, टेलिफोन गेले. धान्य आणि औषधं आमच्या खात्यांची, हेलिकॉप्टरं तुमची, आणि जिल्ह्याशी बोलायला उरला एक वायरलेस. म्हणून दिल्लीत संयुक्त नियंत्रण कक्ष काढला. संयुक्त म्हणजे काय, तर एका लांब टेबलाच्या दोन कडा. आमच्याकडे कॅन्टीनचा चहा, तुमच्याकडे थर्मासचा. आमच्याकडे तहसिलीतून उतरवून घेतलेली गावांची यादी, तुमच्याकडे भिंतीवर नकाशा आणि नकाशावर पडदा. सरहद्दीचा जिल्हा, त्यामुळे तो नकाशा मुलकी माणसाने बघायचा नाही असा नियम. आमचा शिपाई चहाचे कप उचलायला आला तरी तुझा सुभेदार पडदा ओढायचा. मी पहिल्या दिवशी चिडवलं, अरे, तुझ्याबरोबर भूगोलाच्या तासाला एकाच पुस्तकात बघत होते मी. तू हसलास, पण पडदा ओढलासच. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्याही फायली आम्ही तुम्हाला कुठे दाखवत होतो?

आणि आपण काम चोख करत होतो, विलास, हेही खरं आहे. बाकी सगळीकडे मुलकी आणि लष्करी माणसं एकमेकांना पाण्यात बघत असताना आपण दोघं मराठीत एकमेकांना आकडे सांगायचो आणि पाच मिनिटांत तक्ता तयार. संध्याकाळी सहाच्या बैठकीत साहेब लोक म्हणायचे, वाह, एकाही ओळीत फरक नाही. दुसऱ्या दिवसापासून आपल्याला त्या शाबासकीची चटक लागली. फरक निघालाच नाही पाहिजे, असं आपण न बोलता ठरवून टाकलं. फरक निघाला असता तर कुणीतरी विचारलं असतं, का? आणि त्या एका प्रश्नासाठी तर दोन रजिस्टरं ठेवतात. हे मला कळायला चार वर्षं लागली.

आता थलोरी. तेविसाव्या क्रमांकाचं गाव, लोकसंख्या एकशे अडुसष्ट. तहसिलीच्या यादीत सहा रकाने होते आणि तुमच्या छापील फॉर्मात पाच. शेवटचा शेऱ्याचा रकाना तुमच्याकडे नव्हताच. मी टाइप करताना सहावा गाळला. बहुतेक गावांपुढे तिथे काही नव्हतंही. थलोरीपुढे होतं. पटवाऱ्याने हिंदीत लिहिलं होतं की अठ्ठ्याहत्तरच्या दरडीनंतर वस्ती नदीपार हलली आहे. तुमचा नकाशा त्याच्याही आधी मोजलेला. तुमच्या वैमानिकांनी ढगांतून वाट काढत, जीव धोक्यात घालून, नकाशात थलोरी होतं तिथे अचूक अन्नाची पाकिटं टाकली. तीन दिवस, रोज. तिथे पडक्या भिंती होत्या आणि माणूस एकही नव्हता. माणसं पलीकडच्या काठावर उभी राहून पाहत होती. मधे नदी, आणि पूल वाहून गेलेला. तुम्ही नोंद केलीत की थलोरीला पाकिटं पडली. आम्ही तुमच्या नोंदीवरून नोंद केली की थलोरीला मदत पोहोचली. ताळमेळ शंभर टक्के. खाली माझी सही, तीस ऑगस्ट.

पुढच्या गोष्टी तुला मी रविवारी सांगितल्या, पण तू 'हां हां, पता है' म्हणत राहिलास, म्हणून पुन्हा लिहिते. समोर अन्न दिसत होतं म्हणून दोन सख्खे भाऊ दोर बांधून नदीत उतरले. एक वीस वर्षांचा, एक सतरा. दोघेही गेले. नंतरच्या आठवड्यात तीन म्हातारी माणसं, एक बाळंतीण आणि तिचं नऊ दिवसांचं मूल. सात. गावचे नेगी मास्तर तीन दिवस डोंगर चढून-उतरून जिल्ह्याच्या गावी पोहोचले तेव्हा कुठे कुणाला कळलं. त्यांना तिथे सांगितलं गेलं की तुमच्या गावाला तर मदत पोहोचलेली आहे, दिल्लीचा कागद आहे. मास्तरांनी जानेवारीत मंत्रालयाला अर्ज केला. सुरेख अक्षर, आठ पानं, सातही जणांची नावं आणि वयं. तो अर्ज माझ्याच सेक्शनला आला. मार्चमध्ये उत्तर गेलं: दोन्ही यंत्रणांच्या नोंदी परस्परांशी जुळतात, सबब अर्जातील मजकूर वस्तुस्थितीला धरून नाही. मसुदा माझा, सही माझी. त्या उत्तराच्या जोरावर जिल्ह्याने त्यांच्यावर खोटी तक्रार करून सरकारची बदनामी केल्याचा ठपका ठेवला आणि निलंबित केलं. आणि त्या सात मृत्यूंपुढे लिहिलं, नैसर्गिक.

तीन वर्षांहून जास्त झाली, तो माणूस शाळेबाहेर आहे. गेल्या वर्षी त्यांचं कार्ड आलं, माझ्या नावाने, शिवी नाही, विनंती नाही. एवढंच, की आपण एकदा येऊन गाव पाहावं. मी ऑक्टोबरात रजा टाकून गेले. निघण्याआधी तू विचारलंस तेव्हा मी बद्रीनाथला जातेय असं सांगितलं होतं. मास्तर बसपर्यंत घ्यायला आले. मला वाटलं होतं, बोलतील, सुनावतील. ते वाटेत मला मुलांच्या गणिताबद्दल सांगत होते. निलंबित माणसाला शाळेत पाऊल टाकता येत नाही, म्हणून ते आपल्या ओसरीवर शिकवतात, आणि नव्या मास्तरला डोंगर मानवत नसल्यामुळे खरी शाळा ती ओसरीच आहे. त्या दोन भावांची आई मला भेटली. तिने माझ्यापुढे ताट ठेवलं. मी जेवले, विलास. काय करणार होते? नाही म्हणाले असते तर तिचा अपमान झाला असता, आणि जेवले तर प्रत्येक घासाला वाटत होतं की उठून पळावं. दुसऱ्या दिवशी काठावर गेले. पलीकडे पडक्या भिंतींपाशी तुमच्या पाकिटांची निळी ताडपत्री अजून एका झाडाला अडकलेली होती. इथून तिथे माझ्या नव्या सोसायटीच्या फाटकापासून मुख्य रस्त्याएवढंही अंतर नाही.

परत आल्यावर मी तडक तुझ्याकडे आले. तू मुदतीआधी फौज सोडून नुकता गुडगावात आला होतास, बाल्कनीत खोकी पडलेली होती. मी सगळं सांगितलं. तेव्हा तू तुझं अर्धं सांगितलंस. दुसऱ्याच दिवशी वैमानिकाने परत आल्यावर म्हटलं होतं की तेवीस नंबरवर कुणी दिसत नाही, कालची पाकिटं तशीच पडलीत. तू ते तुझ्या डायरीत लिहून ठेवलंस, वर कळवलंस, आणि टेबलापलीकडे मला सांगितलं नाहीस. उड्डाणांच्या गोष्टी मुलकी माणसांना सांगायच्या नसतात म्हणून. त्या संध्याकाळी सहाच्या बैठकीआधी मी तुला विचारलं होतं, काही वेगळं? तू म्हणालास, सब ठीक. तू मला विचारलंस, तुझ्याकडे? मीही म्हणाले, सब ठीक. बाल्कनीत तू एवढंच सांगितलंस. हेमलता चहा घेऊन आली आणि तू विषय बदललास. त्यानंतर आजपर्यंत तू त्या डायरीचा उच्चार केला नाहीस. पण ती तुझ्याकडे आहे. हिरव्या पुठ्ठ्याची, तू सगळ्या जपून ठेवतोस.

आता रविवारच्या तुझ्या मुद्द्यांची उत्तरं. तू म्हणालास, फौजेविरुद्ध बोलायची ही वेळ नव्हे, लोक जोड्याने मारतील. मारू देत. मी फौजेविरुद्ध बोलतच नाहीये. ज्यांनी त्या दरीत हेलिकॉप्टर घातलं त्यांच्या पायाला हात लावीन. मी बोलते आहे ते टेबलाशी बसलेल्या दोघांविषयी, ज्यांच्या अंगावर पावसाचा थेंबही पडला नव्हता. तू म्हणालास, एका माणसासाठी एवढी मोठी व्यवस्था बदनाम होईल, ही पोरं शिकताहेत त्यांचा विश्वास उडेल. उडालेलाच बरा. तुझ्या वर्गातली ती चष्मेवाली उद्या एखाद्या जिल्ह्यात अशाच टेबलाशी बसेल, आणि माझ्या खोट्या उत्तरावर विसंबून जुळलेल्या तक्त्यावर सही करेल. तू म्हणालास, मार्च उलटू दे. मला नियम शिकवतोस? निवृत्त माणसावर चार वर्षांपूर्वीच्या गोष्टीसाठी कारवाई सुरू करता येत नाही, आणि माझं ते उत्तर शहाण्णवच्या मार्चचं. सात महिने गप्प बसले की मी सुरक्षित. मास्तरांची तारीख पुढे ढकलायची सोय मी करतो, तिथे माझा एक ओळखीचा आहे, असंही तू म्हणालास. म्हणजे मला पेन्शन मिळत राहावी म्हणून त्या माणसाने आणखी सात महिने ओसरीवर बसायचं. मला तुझा राग आला, विलास. उठून निघाले ते त्यामुळेच, चेतनाचा फोन येणार होता म्हणून नव्हे.

आणि शेवटचा मुद्दा. दारापर्यंत पोचवायला आलास तेव्हा तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, तू स्वतःला का त्रास करून घेतेस, टाइप करताना एक ओळ राहिली, तुला काय माहीत होतं? तो हात मला अजून जाणवतो. कारण मला माहीत होतं. तीस ऑगस्टला नव्हतं, पण शहाण्णवच्या मार्चमध्ये होतं. मास्तरांचा अर्ज आला तेव्हा मी कपाटातून तहसिलीची मूळ यादी काढली. सहा रकाने. तेविसाव्या ओळीतला शेरा मी वाचला, दोनदा वाचला, आणि मला सगळं कळलं. वरून सांगणं होतं की या ऑपरेशनची सगळीकडे तारीफ झाली आहे, फाइल बंद करा. कुणी माझा हात धरून लिहवून घेतलं नाही. मी यादी परत जागेवर ठेवली आणि 'नोंदी जुळतात' असं लिहिलं, कारण ते खरंच होतं, नोंदी जुळत होत्या. घरी येऊन स्वयंपाक केला. यांच्याजवळसुद्धा बोलले नाही. कर्करोगाच्या शेवटच्या दिवसांत ते सारखे विचारायचे, तुझं काय बिनसलंय? मी म्हणायचे, काही नाही, ऑफिस. हे मी आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगते आहे. तू मला भोळी समजून सांत्वन करत होतास आणि मी ते घेत होते. ते परत करते.

सोबतचा तीन पानी कागद म्हणजे माझा जबाब. त्यात मूळ यादीच्या फाइलचा नंबर आहे, म्हणजे चौकशी अधिकाऱ्याला ती मागवता येईल. माझी दोन्ही कृत्यं तारखांसह आहेत. आणि तुझं नाव कुठेही नाही, कारण तुझं अर्धं मी तुझ्या वतीने सांगणार नाही. मी मास्तरांची बचाव साक्षीदार म्हणून शुक्रवारी जिल्ह्याच्या गावी उभी राहणार आहे, तसं त्यांना कळवलं आहे, आणि चेतनालाही सांगितलं आहे. ती घाबरली, मग म्हणाली, आई, खाऊ-पिऊ माझ्या पगारात. माझा एकटीचा जबाब पुरेल की नाही, मला माहीत नाही. समोरचा वकील म्हणेल की नोकरीत वरची जागा मिळाली नाही म्हणून बाई सूड घेते आहे. पण त्याच्या शेजारी जर लष्करी अधिकाऱ्याच्या हातचं, त्याच दिवशी लिहिलेलं एक पान असेल, तर मास्तरांना कुणी हात लावू शकणार नाही. हे पत्र तुला विचारायला लिहिलं नाही, आणि तुझी परवानगीही नको आहे. चार वर्षांपूर्वी जे मी टेबलापलीकडे सरकवायला हवं होतं, ते सरकवते आहे, एवढंच. बुधवारी सकाळी साडेपाचला काश्मिरी गेटहून बस सुटते. मी माझं एक तिकीट काढलं आहे. तुझं तू काढ.

तुझीच,
प्रभा